लाल पेन्सिलीने खोडलेली ओळ

बाबा,

मी ऑडिशनला एकटीच जातेय. तुझा चहा थर्मासमध्ये आहे, पण आधी हे वाच, कारण माझं डोकं फिरलंय.

महिनाभर तू माझ्यासाठी स्वगत शोधतोयस. आधी आणलंस तीन पोरांच्या विधवा आईचं, मग मरायला टेकलेल्या राणीचं. मी पंधरा वर्षांची आहे रे! आणि काल एकदम खूश होऊन हातात कागद दिलास, "जुन्या फायलीत सापडलं! लेखक अज्ञात, भाषा कच्ची, पण तुझ्या वयाला शोभेल."

अरे, ते मी लिहिलंय! गेल्या वर्षी आई घर सोडून गेली, त्या आठवड्यात तिला लिहिलेलं पत्र आहे ते. पाठवायचा धीर झाला नाही, म्हणून तुझ्या फायलीत दडवलं. तुला माझं अक्षरसुद्धा ओळखता येऊ नये? बरोबरच आहे म्हणा, माझ्या वह्यांवर सह्या आईच करायची.

वर त्यात लाल पेन्सिलीने थांबायच्या जागा आखल्यास! आणि एक ओळ खोडून शेजारी लिहिलंस, "अतिरंजित. असं खरं कुणी वागत नाही." ती ओळ होती: "बाबा रोज विंगेत बसून सगळ्यांना वाक्यं पुरवतो, पण घरी माझं एक वाक्य पूर्ण ऐकून घेत नाही."

मी तेच पत्र म्हणणार आहे, त्या ओळीसकट. अकराला माझा नंबर आहे. यायचं तर ये. पण मी अडखळले तर सवयीने पुढचं वाक्य पुरवू नकोस. गप्प बसून ऐक.

— लेखक अज्ञात