ग्रहणात चिरलेला पेरू

मामा,

आधी 'प्रिय मामा' लिहिलं होतं. ते खोडलं. नवा कागद घेता आला असता, पण खोडलेलं दिसू द्या.

तुम्ही गेलात त्याला वर्ष झालं. ज्या शाळेत तुम्ही दरसाल आभाळावर बोलायला जायचात, तिथले सर तुमच्या नावानं एक छोटं पुस्तक काढून राह्यलेत. त्यांचा फोन आला. म्हणले, "विजय, तू सख्खा भाचा. मिस्तरींच्या आठवणी दोन पानं लिहून पाठव." मी म्हणलं, "सर, मी नववीतून पळालेला माणूस. मला काय लिहिता येतंय?" ते म्हणले, "जसा बोलतो तसं लिही. फक्त मनातलं लिही." आता मनातलंच लिहायचं तर ते तुम्हालाच लिहावं लागतं. सरांना छापायचं तर छापतील.

बाकीचे काय लिहिणार ते मला पाठ आहे. तीर्थपुरीत विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरून देणारा साधा मिस्तरी, सातवी शिकलेला, आणि त्यानं स्वतःच्या हातानं दुर्बीण केली. दुर्बिणीचा आरसा घडवायला तेलाच्या ड्रमावर एक काच ठेवून तिच्यावर दुसरी काच घासत चार महिने ड्रमाभोवती गोल गोल फिरला. मामी म्हणायची, "घाण्याचा बैल बी दुपारी बसतो, ह्यो माणूस बसत न्हाई." बाजाराच्या दिवशी दुकानापुढं दुर्बीण मांडून पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्य पाडायचा आणि भाजी-माळवं घेऊन चाललेल्या बायकांना थांबवून सूर्यावरचे डाग दाखवायचा. "ह्यो बारका ठिपका दिसून राह्यला ना, ह्याच्यात आपली अख्खी पृथ्वी मावती." गर्दीतून कोणीतरी विचारायचं, "मिस्तरी, सूर्याची बी वायंडिंग जळाली का काय?" लोक हसायचे. तुम्ही सगळ्यांत जास्त हसायचात.

खोटं कशाला बोलू, तो माणूस मला आवडायचा. वेल्डिंगची चौदा नंबरची काळी काच पहिल्यांदा तुम्हीच माझ्या हातात दिली, सूर्य बघायला. आज मी कच्छात समुद्राकाठी पाइपलाइनवर वेल्डर आहे. दिवसभर डोळे काचेमागं. म्हणजे माझं पोटसुद्धा तुमच्याच नादातून निघालं. म्हणून तर राग जास्त येतो. परक्या माणसाचा एवढा येत नाही.

सांगा, त्या ग्रहणाच्या सकाळी तुम्हाला कोणी बोलावलं होतं?

थंडीचे दिवस होते. ताई सातव्या महिन्यात, पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं कुंभार पिंपळगावला आल्ती. आईनं खिडकीला चादर लावून तिला आत बसवलं होतं. तुम्ही मोटारसायकलला दुर्बीण बांधून आलात आणि अंगणातूनच हाक मारलीत, "सुमे, बाहेर ये. असं घडीघडी न्हाई दिसत."

आई दारातच आडवी आली. "दादा, पोटुशी हाय ती. ग्रहणात काही चिरलं तर लेकराचा ओठ चिरतो म्हणतेत."

"मंग चिरूनच बघू," तुम्ही म्हणालात.

विळी तुम्हीच मागवली. झाडाचा पेरू तोडून ताईपुढं तुम्हीच धरला. "चंद्राची सावली हाय ही, माय. सावलीला धार नसती." ताईनं आईकडं बघितलं, मग तुमच्याकडं. आणि चिरला. मीठ लावून खाल्ला. ती कडुलिंबाखाली बसली होती. पानांच्या फटीतून उन्हाचे जे गोल कवडसे पडतात, ते त्या दिवशी गोल नव्हते. सगळे चंद्रकोरीसारखे, एका बाजूनं खाल्लेले. अंगणभर बारके बारके अर्धे सूर्य, ताईच्या पदरावर, पोटावर. तुम्ही म्हणालात, "मोज बरं, किती सूर्य पांघरलेस तू." ताई हसून हसून मोजत होती. मी मोबाईलवर सगळं घेतलं.

दोन महिन्यांनी तिला मुलगी झाली. वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला.

बाराव्या दिवशी टेंभुर्णीहून तिच्या सासरची माणसं आली. चहाला हात लावला नाही कोणी. सासू म्हणली, "आमी समदं बघितलंय मोबाईलात. ग्रहणात विळी चालवली हिनं, आन वरून हसून राह्यल्ती." आईनं तुम्हाला बोलावून घेतलं. तुम्ही आलात तेव्हा मला बरं वाटलं. म्हणलं, आता मामा बोलणार. शंभर पोरांपुढं उभा राहणारा माणूस, भर बाजारात सूर्य पुठ्ठ्यावर उतरवणारा माणूस.

सासूनं विचारलं, "मिस्तरी, तुमीच सांगा. चूक कोणाची?"

तुम्ही तांब्यातलं पाणी प्यालात. तांब्या खाली ठेवलात. आणि म्हणालात, "चूक तर झाली. मी आपलं गमतीनं म्हणलं. पोरीनं ऐकायला नको व्हतं."

मामा, पोरीनं ऐकायला नको व्हतं?

ताई दाराआड लेकराला चमच्यानं दूध पाजत होती. तिनं ऐकलं. चमचा थांबला नाही तिचा, पण त्या दिवसापासून ती तुमच्यासमोर आली नाही. तुम्हाला ते कधी जाणवलं का?

मला नंतर कळलं. ताईच्या सासरच्याच भावकीत तुमच्या लेकीची सोयरीक जमत आली होती. जमली. लग्न झालं, बँड लावून झालं. इकडं ताई सव्वादोन वर्षं माहेरी बसून राहिली. दाजी एकदाही आले नाहीत. लेकराचा शिवलेला ओठ जरा बरा दिसायला लागला, तेव्हा कुठं घेऊन गेले दोघींना.

ओठ शिवायला पोरीला जालन्याला नेलं तेव्हा मी सोबत होतो. डॉक्टर बाईंना मी चाचरतच विचारलं, "मॅडम, ग्रहणात पेरू चिरल्यानं झालं का हे?"

"कितव्या महिन्यात चिरला?"

"सातव्या."

"ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो," त्या म्हणाल्या. "काही लेकरांचा नाही जुळत. त्या ग्रहणाच्या दिवशी हिचा ओठ असाच होता. पाच महिने आधीपासून."

एवढंच. हात पुसता पुसता सांगितलं त्यांनी. मी तसाच टेंभुर्णीला गेल्तो, उन्हातान्हात, आणि ताईच्या सासूला सांगितलं. ती म्हणली, "तू नववी नापास. तुला काय कळतंय? खुद मिस्तरींनी कबूल केलंय."

बघा. तुमचा शब्द होता म्हणून. तुमच्या जागी दुसरा कोणी ते बोलला असता तर ते हवेत गेलं असतं. तुम्ही शिकलेले नव्हतात, पण लोक तुम्हाला जाणता माणूस मानत होते, आणि ते सगळं जाणतेपण तुम्ही त्या दिवशी ताईच्या डोक्यावर घातलंत.

मग तुम्ही गेलात. दुकानातच, समोर मोटार उघडी, छातीत कळ आली आणि संपलं. आईनं फोन केला. मी सांगितलं, सुट्टी मिळून नाही राह्यली. ते खोटं होतं. सुपरवायझर म्हणला होता, जा. मी गेलो नाही. त्या दिवशी चार जॉइंट जास्तीचे मारले. वेल्डिंगचा एक्स-रे काढतात इथं, आत पोकळ राहिलं का बघायला. चारही नापास झाले.

गेल्या महिन्यात वर्षश्राद्धाला आल्तो. मामीनं तुमची वही दिली. "तुझ्याबिगर कोणाला कळायची न्हाई," म्हणली. पानापानावर डब्याच्या झाकणानं काढलेला गोल, त्यात पेन्सिलीनं सूर्याचे डाग, बाजूला तारीख. ग्रहणाच्या त्या सकाळचंही पान आहे. खाल्लेला सूर्य बराबर काढलाय. आणि खाली, दुसऱ्या शाईनं:

"ओठ दुसऱ्या महिन्यात जुळतो. ग्रहण सातव्यात. काही संबंध नाही. सुमनच्या सासरी जाऊन सांगायचे."

'सांगायचे'खाली दोन रेघा. तारीख घातलीय. त्या बैठकीला तेव्हा महिनाही झाला नव्हता. कोणाला विचारलंत माहीत नाही, पण डॉक्टर बाईंनी मला सांगायच्या किती आधी तुम्हाला माहीत होतं.

माहीत होतं तुम्हाला.

मी पुढची सगळी पानं उलटली. पाच वर्षं सूर्याचे डाग आहेत. टेंभुर्णीला गेल्याची नोंद एकाही पानावर नाही. सूर्याचा उजेड आठ मिनिटांत इथं पोचतो, असं तुम्ही बाजारात सांगायचात. तीर्थपुरीहून टेंभुर्णी त्याच्यापेक्षा लांब आहे का?

आता माझं. तो व्हिडिओ स्टेटसला मीच ठेवला होता. वर लिहिलं होतं, 'अंधश्रद्धा गेली उडत'. तिथूनच तो ताईच्या सासरी पोचला. ताई मला त्यावरून आजवर एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तुमच्यावर मी दुप्पट चिडतो ते यामुळं, हे मला कळतं. पण माझं मी घेतो. तुमचं तुम्हालाच घ्यावं लागेल.

ताईची पोरगी पूर्वा आता पहिलीत आहे. ओठावर नुसती एक बारीक रेघ राहिलीय. वर्षश्राद्धाहून परत निघताना मी तिला भेटायला टेंभुर्णीला गेलो, तर कानाशी येऊन म्हणली, "मामा, आईनं मला पोटात कापलं का?" आजीनं, ताईच्या सासूनं, सांगितलंय तिला. ताई भाजी चिरायला विळीवर बसली की ती पोरगी उठून दुसऱ्या खोलीत जाते. ताई बघते आणि चिरत राहते. तुमच्या एका वाक्यानं एवढं केलंय, मामा. सहा वर्षांच्या लेकराला आईची भीती वाटते.

तिनं विचारलं तेव्हा मीही तुमच्यासारखाच पाणी प्यालो आणि उठलो. त्याची लाज वाटते. तुमच्यासारखं व्हायला किती थोडा वेळ लागतो.

म्हणून शब्द देतो. ग्रहणाची वाट बघणार नाही. पुढच्या सुट्टीत मामीकडची दुर्बीण आणि ही वही घेऊन टेंभुर्णीला जाणार. त्यांच्या अंगणात पुठ्ठ्यावर सूर्य पाडीन, म्हणजे शेजारपाजार गोळा होईल. सगळ्यांपुढं ते पान सासूबाईंना दाखवीन. माझं नाही ऐकणार, पण मिस्तरींचं अक्षर म्हणल्यावर ऐकतील. अजून तुमचंच नाव चालतं तिकडं. त्याचा राग येतो, आणि त्याच्यावाचून कामही होत नाही.

मग पूर्वाला तो व्हिडिओ दाखवीन. ही तुझी आई, बघ कशी हसतेय. हे तिच्या पोटावरचे सूर्य, मोज. त्यांच्या आत तू. तुझा ओठ तेव्हा असाच होता, त्याला कोणी हात लावला नाही. आणि ताईला म्हणीन, विळी घे, पेरू चिर. पोरगी तिथंच बसून खाईस्तोवर मी उठणार नाही.

ते झालं की तुमच्या 'सांगायचे'च्या पुढं मी 'सांगितले' लिहीन. खाली सही माझी करीन. तुमची नाही.

तुमचा भाचा आणि पूर्वाचा मामा,
विजय