बाबांना कळता कामा नये

क्रेगीबर्न, २ मे २०२१
बेबीआत्या गेली, हॉस्पिटलात. पुण्याहून मंदारचा फोन. बाबा घरीच, कोविडमधून नुकते उठलेत, हृदय तोळामासा. त्यांची एकुलती बहीण. मंदारला बजावलं, बाबांना सांगायचं नाही. "अगं ताई, विचारतील ना!" म्हटलं, सांग, ऑक्सिजन लावलाय, बोलायला त्रास होतो, मेसेज करतेय. मेसेज तिच्या फोनवरून तूच कर. मी मोठी, त्यामुळे हुकूम माझा. विमानं बंद. इथे परदेशात बसून दुसरं काय करणार?

४ मे
लेकीचं, इराचं, युनिव्हर्सिटीचं ऑनलाइन लेक्चर डायनिंग टेबलावर. ग्रीक ट्रॅजेडी. वांगी चिरता चिरता मीही ऐकते. आधी म्हणे देवाच्या उत्सवात नुसता घोळका गायचा, आपल्या गोंधळासारखा. मग एकजण बाहेर आला आणि घोळक्याला उत्तर देऊ लागला. झालं नाटक सुरू. "एकटा पडला बिचारा," मी म्हटलं. "आई, दॅट्स ॲक्चुअली गुड." चला, कौतुक झालं.
बाबांची व्हॉइस नोट. मोतीबिंदूमुळे टाइप करत नाहीत कधीच. "बेबीला म्हणावं, आंबे ठेवलेत." मी फार रडले.

७ मे
आत्याचे मेसेज मंदार मोठ्याने वाचून दाखवतो. बाबा खूश. जमलं बाई!
इराला विचारलं, तो नायक वाईट असतो का गं?
"नो! चांगल्यासाठीच करतो, तेच उलटतं. ऑडियन्सला सगळं माहीत असतं, फक्त त्यालाच नसतं."
म्हणजे बाबा.

१० मे
दोन दिवस बाबा व्हिडिओवर नाहीत. "झोपलेत." मंदारचा आवाज बसलाय. विचारलं तर म्हणे एसी.
इराच्या लेक्चरमध्ये आज, मरण स्टेजवर दाखवत नाहीत, निरोप्या येऊन सांगतो. इराला ओरडले, हेडफोन लाव, पुरे तुझं ते.

१२ मे
मंदारला झापलं. बाबांना फोन दे, आत्ताच्या आत्ता. तो एका दमात, "ताई, ऑक्सिजन लावलाय, बोलायला त्रास होतो, मेसेज करतायत."
माझंच वाक्य. शब्द न् शब्द.
दुपारी बाबांच्या फोनवरून मेसेज. टाइप केलेला. 'मी ठीक आहे. काळजी नसावी.'
इरा मागे उभी. "आजोबा ओके?"
"बरे आहेत," म्हटलं.
लिहिलं, 'बाबा, आंबे खाल्लेत का?'
निळ्या टिक्स आल्या. तिकडे कोणीतरी टाइप करतंय.