अकरावा शिक्का

व्हिएन्ना, नोव्हेंबर १९४६

प्रिय एगॉन,

एन्स नदीच्या पुलाअलीकडे, अमेरिकन हद्द सुरू व्हायच्या आत, रशियन शिपायांनी तुला गाडीतून उतरवून नेलं, त्याला आज पाच आठवडे झाले. तू कुठे आहेस तेच ठाऊक नाही, मग हे पत्र टाकू तरी कुठे?

आपला देश वाटून घेऊन बसलेल्या चौघा विजेत्यांच्या कचेऱ्यांचे उंबरठे रोज झिजवते. अमेरिकन म्हणतो, "बाई, तो आमच्या हद्दीत आलाच नाही." इंग्रज म्हणतो, "या महिन्याचे अध्यक्ष फ्रेंच आहेत, त्यांना गाठा." फ्रेंच म्हणतो, "रशियन साहेब बैठकीतून उठून गेलाय, विचारू कुणाला?" रशियन तर दारच उघडत नाही. कालपर्यंत खांद्याला खांदा लावून लढले हे, आणि आता यांच्या रुसव्यात तू अडकलायस.

तुझी आई दिवसभर त्यांना शिव्याशाप देते. "माझ्या पोराने काय घोडं मारलं होतं त्यांचं?" मी मान डोलावते.

तिला सांगितलं नाही ते तुला सांगते. गाडीतला तिकीट तपासनीस मला भेटला. म्हणाला, "त्या शिपायाला आपली अक्षरं वाचता येत नाहीत. तो बोटाने शिक्के मोजतो. अकरा लागतात, दहावर बोट थांबलं."

आमच्या ओळखपत्रांच्या कचेरीत तुझं ओळखपत्र माझ्याच टेबलावर झालं होतं, एगॉन; शिक्के मीच मारले होते. बाहेर जिन्यापर्यंत रांग होती. एरवी परक्यांचे शिक्के मी दोन-दोनदा मोजते. तुझे मोजलेच नाहीत. म्हटलं, घरचंच माणूस, राहिलं काही तर संध्याकाळी बघू.

अजून तुझीच म्हणवून घेणारी,
हेड्विग