पोट साफ झालं, इतकंच

सोमवार, ४ मार्च. संध्याकाळी सहा.

जहाजावर आलो. मी आणि धाकटी. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण, वय चौसष्ट, अजूनही चहात दुसरा चमचा साखर घालताना माझ्याकडे बघते.

ही सहल हौसेची नाही. धाकटीची मुलगी परदेशात आहे. व्हिसा दोनदा नाकारला. नात चार महिन्यांची झाली आणि आजीने तिला फक्त फोनच्या काचेत पाहिलंय. मग मीच शोधून काढलं की जहाजाने येणाऱ्या प्रवाशाला त्या बंदरात एका दिवसापुरतं व्हिसाशिवाय उतरता येतं. सोमवार, अकरा तारीख, नऊ ते पाच. मधले सगळे दिवस केवळ त्या आठ तासांसाठी. धाकटीने पिवळी टोपी विणली आहे. दोनदा उसवून तिसऱ्यांदा.

मिळालेली केबिन लाँड्रीला लागून होती. काउंटरवर जाऊन पलीकडच्या बाजूची घेतली. धाकटी म्हणाली, राहू दे ना ताई. राहू देऊन जगात आजवर काही सुधारलेलं नाही.

जहाजांवर पोटाच्या साथी पसरतात हे वाचून आले आहे. पूर्ण तयारी. सॅनिटायझर जेलची मोठी बाटली, कमरेला क्रोशाच्या पिशवीत. संकल्प: अकरा तारखेपर्यंत आम्हा दोघींना साधी शिंकसुद्धा येणार नाही. विमा कंपनीच्या क्लेम विभागात तेहतीस वर्षं लोकांचे आजार तपासले. लोक काय दडवतात ते मला वासावरून कळतं.

मंगळवार, ५ मार्च.

नाश्त्याला बुफे. एक म्हातारा टोपलीतला एकेक पाव अंगठ्याने दाबून बघत होता. पाच पाव दाबले, सहावा घेतला. त्याचं नाव मी चाचपे ठेवलं. सर्वांसमोर सांगितलं की चिमटा ठेवलेला असतो तो शोभेला नाही. चाचपे म्हणाले, बाई, चिमट्याला मऊ-कडक कळत नाही. निर्लज्ज.

दिवसभरात जेल एकतीस वेळा. धाकटी प्रत्येक जेवणाआधी बेसिनपाशी जाऊन साबणाने हात धुते, बाहीपर्यंत, पाणी उडवत. किती वेळ घालवते. तिला जेल दिलं तर म्हणाली, मला बाई हात धुतल्यासारखं वाटत नाही. कॉन्व्हेंटमध्ये मी गेले, ती गेली नाही. फरक पडतो.

बुधवार, ६ मार्च. दुपारी.

म्हटलं होतं ना. स्पीकरवरून कॅप्टनने सांगितलं की काही प्रवाशांना पोटाचा त्रास होतोय. आता बुफेत कर्मचारी वाढतात, आपण बोट दाखवायचं. रोज सकाळी प्रत्येकाने एक कार्ड भरायचं. गेल्या अठ्ठेचाळीस तासांत उलटी किंवा जुलाब झाले का? हो, नाही. हो म्हटलं की केबिनमध्ये बंद.

कार्ड आपल्या भाषेतही आहे आणि त्यावर हा शब्द सरळ छापलाय. शाळेत आमच्या सिस्टरांपुढे हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. मुलगी 'इनडिस्पोज्ड' असायची. दहा वर्षांत आमच्या वर्गात एकाही मुलीला जुलाब झाले नाहीत.

काउंटरवर जाऊन चाचप्यांविरुद्ध लेखी तक्रार दिली. केबिन नंबर, वेळ, दाबलेले पाव पाच. चेहरा पिवळट दिसतो, असंही लिहिलं. दिव्याखाली दिसतोच.

कार्ड आमचा टॉवेलवाला नेतो. केबिन आवरणारा चांगला पन्नाशीचा माणूस, रोज टॉवेलांचा एक प्राणी करून पलंगावर ठेवतो. आज हत्ती होता. धाकटीने तो मोडू दिला नाही, अंग पुसायला माझा टॉवेल घेतला.

गुरुवार, ७ मार्च. दुपारी चार.

पोट साफ झालं. प्रवासाने तीन दिवस बांधलेलं होतं, ते सुटलं. उत्तमच झालं. चार वेळा.

पाच वाजता. आता एकूण पाच वेळा. टरबूज खाल्लं होतं, टरबुजात पाणीच असतं.

धाकटीने दाराबाहेरून विचारलं की ताई, बरी आहेस ना. म्हटलं, केस विंचरतेय. तिने आणखी एकदा विचारलं. माणसाला बाथरूममध्ये तरी खासगी आयुष्य हवं.

शुक्रवार, ८ मार्च.

कार्डावर 'नाही' वर खूण केली. विचारपूर्वक. जुलाब म्हणजे आजार. पोट साफ होणं म्हणजे आरोग्य. त्यासाठी लोक चूर्णं घेतात. अमुक माणसाचं पोट साफ झालं म्हणून त्याला कुणी कोंडून ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही.

दुपारी पित्त पडलं. पित्त पडलं की मोकळं वाटतं, सगळ्यांना माहीत आहे. कार्डात पित्ताचा रकाना नाही.

हो म्हटलं असतं तर एकट्या मलाच नाही, धाकटीलाही प्रश्न विचारले असते. तीन दिवसांवर बंदर आलंय. तिच्यासाठीच केलं. बेसिन, नळ, कडी, सगळं जेलने पुसून काढलं. अर्धी बाटली संपली. आणखी काय करायचं असतं माणसाने.

संध्याकाळी डायनिंग हॉलमध्ये चाचपे नव्हते. चौकशी केली. तक्रारीवरून त्यांना दोन दिवस केबिनमध्ये ठेवलंय. एका जागरूक नागरिकामुळे तीन हजार माणसं वाचली. मी सूप घेतलं. अर्ध्यावर उठावं लागलं. हॉल फार कोंदट.

शनिवार, ९ मार्च.

ठणठणीत. टेबलावरच्या लोकांनी विचारलं की तुम्ही दोघी कशा काय सुटलात. मी दहा मिनिटं सांगितलं. जेल, शिस्त, मनाचा निश्चय. एका बाईंनी लिहून घेतलं. धाकटी ताटात बघत बसली होती. भात चिवडला, खाल्ला नाही. नातीच्या ओढीने जेवण जात नसेल.

कार्ड: नाही. आता सवय झाली आहे.

रविवार, १० मार्च. सकाळी अकरा.

धाकटीला पहाटेपासून होतंय. तिला म्हटलं की हे बघ, पोट साफ होतंय, चांगलं असतं. कार्डावर 'नाही' लिही, उद्यापर्यंत थांबेल. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, पण म्हणाली, ताई, हे जुलाब आहेत. सरळ म्हणाली, भाजीचं नाव घ्यावं तसं. उद्या चार महिन्यांचं बाळ मांडीवर घ्यायचंय मला, मी खोटं लिहून जाऊ का.

आणि स्वतःच फोन उचलून दवाखान्यात कळवलं.

दुपारी दोन.

नर्स येऊन गेली. मास्क, हातमोजे, कामाचं तेवढंच बोलणारी. जुलाब थांबल्यापासून अठ्ठेचाळीस तास धाकटीने केबिनबाहेर पडायचं नाही. म्हणजे उद्या उतरता येणार नाही. धाकटीने फक्त मान हलवली आणि उशीखालची टोपी सुटकेसमध्ये ठेवली. चेन लावायला तिला बराच वेळ लागला.

नर्सने विचारलं, ह्या केबिनमध्ये आधी कुणाला काही झालं होतं का. मी चाचप्यांचा केबिन नंबर सांगितला. नर्स म्हणाली की त्यांना काहीच झालेलं नव्हतं. त्यांची कवळी नवीन आहे, कडक पाव चाववत नाही, म्हणून दाबून बघतात. दोन दिवस कोंडल्यावर त्यांना नियमाप्रमाणे कोरडे टोस्ट दिले गेले.

माझी बाटली बघून तिने आणखी एक गोष्ट सांगितली. ह्या विषाणूवर जेलचा भरवसा धरायचा नसतो. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद, चोळून. धाकटी करते तसं, असं तिने म्हटलं नाही. मला ऐकू आलं.

धाकटी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी काही बोलले नाही. आता बोलून तिचे जुलाब थांबणार होते का.

सोमवार, ११ मार्च. सकाळी आठ.

बंदर आलं असं स्पीकर म्हणतो. आमच्या खिडकीतून नुसतं पाणी दिसतं. धक्का जहाजाच्या दुसऱ्या बाजूला आहे. जिथे लाँड्री आहे.

धाकटी म्हणाली, तू तरी जा. लेक तिकडे उभी राहील, कुणीच आलं नाही असं नको. बाळाला बघून ये, कानाचा आकार बघ, आपल्या घरातला आहे का. पण उचलू नकोस. टोपीही नेऊ नकोस.

मी विचारलं, मी का उचलू नको. मी ठणठणीत आहे. धाकटी म्हणाली, नको उचलू, ताई. आणि पांघरूण डोक्यावर घेतलं. आजारी माणूस चिडचिडा होतो. तरी मला लागलं.

संध्याकाळी सहा.

उतरताना तोच प्रश्न. अठ्ठेचाळीस तासांत? नाही म्हटलं. आज ते अक्षरशः खरं होतं. नियमात बसत होतं. तेहतीस वर्षं मी नियमात बसणारे क्लेम मंजूर केले आणि तरी काही फायलींना हात लावावासा वाटला नाही, त्यांची आज आठवण झाली.

भाची कुंपणापलीकडे पहिल्या रांगेत होती. मला पाहून हसली, मग माझ्यामागे बघू लागली. धाकटीला सकाळीच फोन करून लेकीला सांगता आलं असतं, पण तिने सांगितलंच नव्हतं. ते माझ्याकडे ठेवलं होतं.

सांगितलं. भाचीने बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, असू दे मावशी, तू तरी आलीस, आणि बाळ माझ्यापुढे केलं.

मी मागे सरले. म्हटलं, सर्दी आहे. ती म्हणाली, मग मास्क लाव, त्यात काय. म्हटलं, हात धुतलेले नाहीत. तिने पिशवीतून ओले रुमाल काढले. म्हटलं, पाठ धरलीय. ती म्हणाली, मावशी, साडेपाच किलोचं बाळ आहे, पोतं नाही. आणि ते माझ्या छातीला टेकवू लागली. बाळाने माझ्या क्रोशाच्या पिशवीला हात घातला. तो हात ते तोंडात घालणार होतं.

तेव्हा म्हणाले. मला जुलाब झाले होते.

मोठ्याने म्हणाले असावे. बाजूच्या टॅक्सीवाल्याने वळून पाहिलं.

भाचीने बाळ मागे घेतलं, त्याचा हात पुसला, पुन्हा पुसला. विचारलं, कधी. गुरुवारी. आणि आईला कधी. काल. तिला हिशेब करायला वेळ लागला नाही. ती आमच्याच घरातली. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. विचारलं, आईची खिडकी कुठली.

मी सांगितलं, पलीकडे. समुद्राकडे.

मग तिने फोन लावला. धाकटी दोनशे पावलांवर होती आणि तिने नातीला फोनच्या काचेतच पाहिलं, गेले चार महिने पाहत होती तसंच. फोनमधून कानाचा आकार विचारत होती. भाची फोन बाळाच्या कानापाशी नेत होती. मी फोन धरायला हात पुढे केला. भाची म्हणाली, राहू दे, मावशी.

अकरा वाजता परत आले. पाचपर्यंत वेळ होता.

मंगळवार, १२ मार्च.

काल रात्री धाकटीला सांगितलं. तयारी केली होती, कॉन्व्हेंटमध्ये कन्फेशन करणाऱ्या मुली करायच्या तशी. अर्ध्यातच ती म्हणाली, मला माहीत होतं, ताई. बाथरूम एकच आहे आणि भिंत पुठ्ठ्याची आहे.

विचारलं, मग सांगितलं का नाहीस नर्सला. म्हणाली, तू सांगशील म्हणून थांबले. रोज वाटायचं, आज सांगेल. मग म्हणाली, मीसुद्धा चुकलेच, मीच सांगायला हवं होतं, पण तुझी तक्रार मी कधी केली नाही, आता ह्या वयात कशी करू. हे ती मला समजावून सांगत होती. मला.

नंतर म्हणाली, कान आपल्याच घरातला आहे. तुझ्यासारखा. जरा फताडा.

दुरुस्ती. गुरुवारच्या नोंदीत चार, मग एकूण पाच लिहिलंय. खरे नऊ होते. शुक्रवारचं पित्त नव्हतं, उलटी होती, दोनदा. सूप कोंदटपणामुळे सोडलं नव्हतं. चाचप्यांचा चेहरा दिव्याखाली जितका पिवळट दिसला तितका माझाही दिसत होता, मी आरशात पाहिलं होतं. वही माझी, वाचणारी मी, तरी चार लिहिलं.

सकाळी चाचप्यांच्या दाराशी गेले. माफी मागितली. मुलीला स्थळ बघताना विचारावी तशी माहिती विचारून ऐकून घेतली त्यांनी, कधी, किती, कार्डावर काय लिहिलं. मग म्हणाले, बाई, मी पाव दाबले. तुम्ही माहिती दाबलीत. आणि दार लावलं, हळूच. टोस्टची बशी अजून बाहेरच होती.

परत येऊन बेसिनपाशी हात धुतले. साबणाने, वीस सेकंद. वीस सेकंद फार मोठे असतात.

मग आजचं कार्ड घेतलं. 'हो' वर खूण केली. खाली जागा नव्हती तरी लिहिलं: जुलाब, उलटी, तारीख सात व आठ मार्च, कार्डावर तीनदा व नर्सला एकदा खोटं उत्तर दिलं. सही. टॉवेलवाला आला तेव्हा त्याच्या हातात दिलं. त्याने वाचलं नाही. म्हणाला, मॅडम, कार्डं आजपासून बंद झाली, साथ आटोक्यात आलीय. आणि ते पुन्हा माझ्या हातात ठेवलं.

पलंगावर आज ससा आहे. एकच, धाकटीच्या बाजूला.