चहाच्या गाळणीतला सेन्सर

आप्पा, तुमची बुखारी काढली. शेडच्या मध्यभागी तो कोळशाचा ड्रम असायचा तिथे आता नुसतं तूस पसरलंय, आणि मागच्या भिंतीला गॅसची भट्टी बसलीय. पांढरी, कपाटाएवढी, पंख्यावाली. बाहेर सिलिंडरची रांग, आत दाराशेजारी एक डबा, त्यावर आकडे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहायला बसले ते आठवण आली म्हणून नाही, राग आला म्हणून. माझा राग धाकट्यावर आहे, भट्टी बसवणाऱ्या त्या मिस्त्रीवर आहे, आणि तुमच्यावरही आहे. तेव्हा आधी सगळं ऐकून घ्या, मध्ये बोलू नका.

धाकटा आता सुरतेला असतो, भट्टी त्याने तिथूनच पाठवली. मला कळवलं ते ट्रक नवापूरच्या हायवेला लागल्यावर. फोनवर म्हणाला, "ताई, आते तुले शेडमा बठानी गरज नही. तुन्हा गुडघा दुखतस. घर बठ, आराम कर. मी आठेन फोनवर सगळं देखसू." किती मायेने म्हणाला! मायेने म्हणाला म्हणून तर जास्त लागलं. भांडला असता तर मीही भांडले असते. वीस वर्षांच्या वर मी या शेडमध्ये कोंबड्यांची पिलं वाढवतेय. पडदे कधी पाडायचे, कधी उचलायचे, पाण्यात गूळ किती घालायचा, कोणतं पिलू जगेल आणि कोणतं नाही, हे मला विचारायला शेजारच्या शेडवाले येतात. आणि माझ्या सख्ख्या भावाला माझा गुडघा तेवढा दिसला.

मिस्त्री दिवसभर होता. माणूस कामाचा होता, खोटं कशाला बोलू. पाइप जोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बघितला, बुडबुडा येतो का म्हणून. मग भट्टीपासून डब्यापर्यंत चार तारा ओढल्या आणि मोठ्या कौतुकाने सांगायला लागला. साधं बटण भट्टीला चालू कर नाहीतर बंद कर एवढंच सांगतं, हा डबा तसा नाही. किती ऊब हवी ते डबा सांगतो, किती दिली ते भट्टी उलट कळवते, आणि त्याप्रमाणे ज्योत हळूहळू मोठी होते, हळूहळू लहान होते. पण हे तो मला सांगत नव्हता. फोनवर धाकटा होता, त्याला सांगत होता. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. मी विचारलं, पिलांचं वय वाढेल तशी ऊब कमी करायची ती कुठून? तर माझ्याकडे न बघताच म्हणाला, "बेन, आप हाथ मत लगाना. डब्बा और भट्टी आपस में बात करते हैं. भाई ने सब समझ लिया है." डबा भट्टीशी बोलतो, भट्टी डब्याशी बोलते, डबा सुरतेच्या फोनशी बोलतो. ज्या शेडमध्ये मी केस पिकवले तिथे सगळे एकमेकांशी बोलतायत, फक्त माझ्याशी बोलायला कुणाला फुरसत नाही! शेवटी त्याने ऊब मोजायचा सेन्सर खांबाला बांधला, आपल्या डोक्याच्या उंचीवर. खाली लावला तर पिलं टोचतील म्हणाला. चहा पिऊन, "चलो बेन" म्हणून निघून गेला.

मला तो सातवीतला दिवस आठवतो. शाळेत तापमापक शिकवला होता आणि तुम्ही नुकताच एक आणून बुखारीजवळ टांगला होता. मी ऐटीत वाचते, तेहेतीस. तुम्ही तुसात उकिडवे बसलेले, अनवाणी, मान वाकडी करून पिलांकडे बघताय. वर न बघताच ओरडता, "काच काय म्हनस ते मले नको सांगू. पिल्लेसले इचार." मी रडकुंडीला येते. मग तुम्ही एक पिलू उचलता, त्याचे पाय माझ्या गालाला लावता. "थंडा शेतस का?" थंड असतात. बुखारीत कोळसा घालता, थोड्या वेळाने दुसरं पिलू उचलून पुन्हा गालाला. आता पाय कोमट. पिलं बुखारीला चिकटून एकमेकांवर चढत होती ती मोकळी होऊन शेडभर पसरतात, एखादं पाय लांब करून झोपतं. तुम्ही म्हणता, "आते आयकं?" मी मान हलवते. शाळेत मला पुष्कळ शिकवलं, त्यातलं फार थोडं उरलं. हे मात्र गालावर अजून आहे.

आता तुमच्यावरचा राग. पुरुषोत्तमनगरचं सासर सोडून मी परत आले, तेव्हा का आलीस हे तुम्ही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडची किल्ली हातात दिलीत आणि कळसाडीहून आलेल्या काकांना माझ्यासमोर म्हणालात, "मन्ही आंडेर सांभाळी शेड." मला वाटलं, आप्पांनी आपली मुलगी चारचौघांत उभी केली. तुम्ही गेल्यावर कागद बघितला. सातबारावर एकटा धाकटा. ज्याला तुसाचा वास सहन होत नव्हता, जो शेडच्या दारात नाकाला रुमाल लावून उभा राहायचा, तो! त्याच्याकडून मी काही मागितलं नाही, त्यानेही कधी अडवलं नाही. पण भिंतीला काय लावायचं आणि काय काढायचं हे त्याने ठरवावं आणि मी चहा करावा, ही व्यवस्था त्याची नाही, तुमची आहे. विद्या मला दिलीत आणि शब्द चालायचा अधिकार त्याला. तुमच्यासारख्या माणसाला हे सुचलं तरी कसं?

तर पुढचं सांगते. भट्टी बसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हॅचरीची गाडी आली. एक दिवसाची पिलं, खोक्यांत चिवचिवाट. दुपारी ऊन होतं, पिलं छान पसरली, पाणी प्यायली. फोनवर आकडा तेहेतीस, धाकटा खूश. मी घरी गेले, आराम करायला सांगितलं होतं ना मला! सकाळी दार उघडलं तर पिलं एका कोपऱ्यात ढीग करून बसलेली. एकावर एक, एकावर एक. डब्यावर आकडा तेहेतीस. वर माझं कपाळ गरम झालेलं आणि खाली तुसात हात घातला तर तूस गार. ढीग हातांनी सोडवला. खालची चेंगरून गेली होती. एकाचे पाय गालाला लावले, आणि आप्पा, मला तुमचा हातच आठवला.

मग मी कुणाला विचारलं नाही. घरून चहाची जुनी गाळणी आणली. खांबावरचा पट्टा कोयत्याने कापला, सेन्सर खाली ओढला, गाळणीत घातला म्हणजे चोच लागणार नाही, आणि पिलांच्या पाठीच्या उंचीवर टांगला. डब्यावरचा आकडा घसरत घसरत सव्वीसवर आला आणि भट्टी अशी घुमायला लागली की मी दचकले. लगेच सुरतेहून फोन. "ताई, तू काय कयं? आठे लाल दखाई ऱ्हायनं!"

"काल डबा खोटं सांगी ऱ्हायंता," मी म्हटलं. "मिस्त्रीनी यंत्र वर बांधं, पिल्ले खाले शेतस. आते खरं सांगी ऱ्हायना."

त्याने व्हिडिओ लावायला सांगितला. मी फोन पिलांपुढे धरला. ढीग हळूहळू सुटत होता, पिलं पसरत होती. ते बघून त्याने मिस्त्रीला शिव्या घातल्या, त्याला आजच फोन करतो म्हणाला. मग विचारलं, कितली गयी? मी सांगितलं, दोन-तीन, प्रवासात दमलेली असतील. तेव्हा तो जे म्हणाला ते ऐकायला मी वीस वर्षं थांबले होते. "तू व्हती म्हनीसन वाचनात. आप्पानी आंडेर शे तू." यापुढे डब्यावर काय ठेवायचं ते ताई ठरवेल, असंही म्हणाला. त्याच दिवशी डब्याचे आकडे माझ्याही फोनवर दिसतील असं त्याने करून दिलं.

दोन-तीन नव्हती, आप्पा. सतरा होती. मी मोजली आणि शेडमागे खड्डा करून पुरली. आणि मिस्त्री सेन्सर खांबाला बांधत होता तेव्हाच मला कळलं होतं. ट्रे हातात घेऊन मी बघत होते. ऊब वर जाते, पिलं खाली असतात, हे मला सातवीपासून माहीत आहे. एक वाक्य बोलले असते तर त्याने पट्टा खाली घेतला असता. पिलं आली त्या दिवशी संध्याकाळी ती कोपऱ्याकडे सरकायला लागली होती, तेही मी बघितलं. पाय गालाला लावले नाहीत, कारण लावले असते तर थांबावं लागलं असतं. मनात म्हटलं, मला कुणी विचारलं का? बघू दे त्यांना, त्यांचा डबा काय सांगतो ते. पिलांनी मला सांगितलं होतं. मी ऐकून घरी गेले.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, तुमच्या नावाची घागर भरतात, तिच्याखाली हे पत्र ठेवायचं ठरवून लिहायला बसले होते. पण घागर भरायला मुलगाच लागतो, धाकटाच येईल, आणि खाली कागद दिसला तर तो उचलून वाचल्याशिवाय राहायचा नाही. तुम्हाला कळलं तर मी तुमचं ओरडणं खाली मान घालून ऐकेन. त्याला मात्र कळायला नको.