लोर्नाच्या गावचं चर्च

१ फेब्रु., रवि. रावेर.
बाळाच्या बारशावरून पुन्हा तेच. लोर्ना म्हणते, "आई, नाव घरी ठेवा. पण बाप्तिस्मा माझ्या गावच्या चर्चमध्ये." तिचा, तिच्या आईचा, आजीचा तिथेच झाला. मी स्पष्ट सांगितलं, आपल्यात असलं चालत नाही. आमचा मुलगा नीलेश जहाजावर नोकरीला. फोनवर म्हणतो, तुम्ही सासू-सुना ठरवा. हा एक बरा.

४ फेब्रु., बुध.
फिलिपिन्सला भूकंप, तिच्याच गावाकडे. माणसं वाचली. चर्चचा मनोरा आणि छप्पर गेलं. तिचे वडील तिथली घंटा वाजवतात, झाडलोट बघतात. नेमके बाहेर होते म्हणून... बाळ दूध पीत होतं, ही रडत होती. मी चहा केला. दुसरं काय करणार.

६ फेब्रु., शुक्र.
व्याह्यांचा व्हिडिओ कॉल. मागे दगडांचा ढीग. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, राहवलं नाही. विचारलं, बांधलं कुणी? लोर्ना मराठी करून सांगत होती. स्पॅनिश पाद्र्यांनी बांधून घेतलं, गावकऱ्यांच्या वेठबिगारीवर. समुद्रातला प्रवाळ कापून दगड केले. चुन्यात अंड्याचा पांढरा बलक घातला.
ओट्यावरून हे ओरडले, "अंडे? देवळाले अंडे?"
लोर्ना हसली. भूकंपानंतर पहिल्यांदाच.

९ फेब्रु., सोम.
आज वही घेऊनच बसले. चर्च पूर्वीही एकदा भूकंपात पडलं होतं. गावाने तेच दगड उचलून पुन्हा उभं केलं. मग महायुद्ध. जपानी सैन्याने गावातले पुरुष आत कोंडले. बायका खिडकीतून भात द्यायच्या. व्याह्यांचे वडील सुटले, थोरले काका नाही.
मी विचारलं, "जबरदस्तीने बांधून घेतलेलं, मग ते तुमचं कसं?" विचारायला नको होतं.
उत्तर लोर्नाने दिलं, आमच्या केळीच्या बागेतल्या बायकांकडून शिकलेल्या बोलीत: "बाबा म्हनतात, पैले त्यांचं व्हतं. दुसऱ्या वक्ती आम्ही बांधलं."

१३ फेब्रु., शुक्र.
यांना म्हटलं, बाप्तिस्म्याला बाळाला घेऊन जाऊ या तिकडे.
"लोक काय म्हनतीन? आन् तिथं आता आहे काय, ढिगारा!"
लोर्ना आतून आली. "नाना, प्रार्थना चालू आहे. बाहेर, झाडाखाली."
हे उठून बागेत गेले. केळीची गाडी भरायची म्हणे. गाडी उद्या आहे.

२२ फेब्रु., रवि.
लोर्नासोबत भुसावळच्या चर्चला. आयुष्यात पहिल्यांदा. मागच्या बाकावर बसले, बाळ मांडीवर. सगळी गाणी मराठीत! मला वाटलं होतं इंग्रजी असेल. फादरांनी विचारलं, बाप्तिस्मा इथे करायचा का? लोर्नाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही. हिच्या गावी." बोलून गेले खरी. घरी यांना अजून सांगितलं नाही.

२४ फेब्रु., मंगळ.
सांगितलं. दोन दिवस अबोला असेल असं धरून चालले होते. दुपारी जेवताना हेच लोर्नाला म्हणाले, "तिकडे आपल्यासारख्यानं खायचं काय?"
"केळी, नाना. खूप केळी."
"कोनती जात?"
तिला सांगता येईना. वडिलांना फोन लावला. त्यांनी घड आणून दाखवला. यांनी चष्मा लावला. मी ताटं उचलली, भांडी घासून झाली, तरी दोघे व्याही बोलतच होते. हे मराठीत, ते त्यांच्या भाषेत. तिकडे जायचं की नाही, हे आता कुणी विचारलंच नाही.