पंचवीस मिनिटांचा प्रोपेलर

२ फेब्रुवारी

पुन्हा एकोणीस मिनिटं! विकतच्या प्रोपेलरवर ड्रोन उडतो तेवढीच. डिसेंबरात मात्र मी घडवलेल्या याच पात्यांवर पंचवीस मिनिटं उडाला होता. त्याच आकड्यावर बंगळूरच्या प्रयोगशाळेने मला निवडलं. एक मार्चला हजर व्हायचंय. तिथे एकोणीस आले तर?

४ फेब्रुवारी

पात्यांची टोकं परत घासली. चारही तोलली — केसाएवढा फरक नाही. तरी एकोणीस.

आप्पा मार्केटात पोती उतरवताना सगळ्यांना सांगतात, "आमच्या राजीचा पंखा पंचवीस मिन्टं उडतुया!" घरातली पहिली पदवीधर मी.

५ फेब्रुवारी

प्रणयला विचारायला हवं. बॅटऱ्या तोच बघायचा. पण शुक्रवारी त्याची हळद. त्याची आई, जमुनामावशी, स्वतः बोलवायला आल्या. "पोरी, हलदीला येवाचाच हाय!" मी हसले.

दोन वर्षं त्यांच्या गच्चीवर शेजारी बसून आम्ही मिनिटं मोजली. तो काही बोलला नाही. मीही नाही.

७ फेब्रुवारी

गेले. गावठाणाच्या गल्लीत बेंजोचा दणदणाट, जो तो पिवळा. मांडवामागे प्रणयला गाठून डिसेंबरातल्या पंचवीस मिनिटांचं विचारलं.

"मोठी बॅटरी लावली होती गं. जुनं कव्हर चढवून."

"का?"

"आदल्या दिवशी रडलीस तू. मला नाय बघवलं. मग तू आकडा पाठवूनपन टाकलास — सांगू कसा?"

तेवढ्यात मावशींची हाक — "नवरदेव, कुठं पलाला रं?" तो गेला.

राग यायला हवा होता. आणि माझ्या मनात काय, तर — माझं रडणं त्याला बघवलं नाही! मूर्ख.

८ फेब्रुवारी

आज त्याचं लग्न. गेले नाही. प्रयोगशाळेला ई-मेल लिहिला : "माझ्या सहकाऱ्याने मला न सांगता मोठी बॅटरी लावल्यामुळे आकडा चुकला. खरा आकडा एकोणीस." पाठवायला बोट धजत नाही. निवड जाणार. आप्पांना काय सांगू?

९ फेब्रुवारी

पाठवला. सहकाऱ्याचं वाक्य खोडून.

डिसेंबरात त्या दिवशी ड्रोन उचलून गच्चीच्या मधोमध ठेवला तो मीच. हाताला नेहमीपेक्षा जड लागला होता. वजनकाटा शेजारीच होता. मी वजन केलं नाही.